भिंगरीची दोन पत्रं

शनिवार, ३ मे

आज चर्चच्या हॉलमध्ये उन्हाळी शिबिराची पालक-मीटिंग झाली. पाळकबाईंनी आम्हा वीस-बावीस आईबापांना शाळेतल्यासारखं ओळीत बसवलं, चष्मा नाकावर ओढला आणि यादी वाचायला घेतली. प्रत्येक कपड्यावर मुलाचं नाव शिवायचं. टॉर्च, टोपी, जुने बूट. दहा दिवस फोन मिळणार नाही. पत्रं लिहिता येतील, त्यासाठी रोज दुपारी अर्धा तास राखून ठेवलाय. सकाळी वचनपाठ, दिवसा पोहणं आणि खेळ, संध्याकाळी शेकोटीभोवती गाणी, प्रार्थना आणि साक्ष. साक्ष म्हणजे ज्याला वाटेल त्यानं उठायचं आणि मनातलं सगळ्यांसमोर बोलायचं.

"सक्ती असते का?" मी विचारलं.

"बसायचं सगळ्यांनी. बोलायचं ज्याला वाटेल त्यानं," पाळकबाई म्हणाल्या.

मग एका बापानं सापांची चौकशी केली. मी तळं किती खोल आहे ते विचारलं. बाईंनी सगळ्यांना शांतपणे उत्तरं दिली आणि शेवटी म्हणाल्या, "दोन गोष्टी लक्षात ठेवा. 'करमलं नाही तर मी लगेच न्यायला येईन' असं मुलांना चुकूनही सांगू नका. मूल मग त्या वाक्याला धरून बसतं. आणि घरात काही घडलं असेल तर आम्हाला आधी कळू द्या. फॉर्मचं दुसरं पान त्यासाठीच आहे."

दुसऱ्या पानावर प्रश्न होता: गेल्या सहा महिन्यांत घरात आजारपण, मृत्यू, ताटातूट किंवा इतर मोठा बदल?

मी लिहिलं, नाही.

निघताना बाईंनी हात धरून विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" या बाईंना फार चौकशा लागतात. म्हटलं, "छान आहे. हे अजून जमीन-मोजणीच्या कामावरच आहेत, बाहेरगावी."

इथे तरी खरं लिहू. तो बाहेरगावी नाही. इथून बसनं चाळीस मिनिटांवर मानसोपचाराच्या रुग्णालयात आहे. सव्वीस दिवस झाले. त्या दिवशी सकाळी मी दातांच्या लॅबला निघाले तेव्हा तो जिन्याच्या पायरीवर बसून बूट घालत होता. दुपारी भिंगरी शाळेतून आली तेव्हाही तिथेच होता, एक बूट पायात, एक हातात. तिनं मला फोन केला आणि म्हणाली, "आई, बाबा दुसरा बूट घालत नाहीये."

भिंगरीला सांगून ठेवलंय, कुणी विचारलं तर बाबा कामावर गेलाय. ती बरं म्हणाली. दहा वर्षांची आहे, तिला काय कळतंय त्यातलं.

मंगळवार, ६ मे

लॅबमध्ये दिवसभर एकाच आजोबांची कवळी. मेणात दात बसवले, वरचा जबडा खालच्यावर टेकवून पाहिला, तर डावीकडे केसाएवढी फट. काढले, पुन्हा बसवले. लॅबचे काका म्हणाले, "अगं, त्यांना जेवायचंय, स्पर्धेत उतरायचं नाहीये." हसले मी. पण फट दिसली की मला चैन पडत नाही.

दुपारी रुग्णालयातून डॉक्टरांचा फोन. पहिल्या आठवड्यात त्याच बोलल्या होत्या, की थोडे दिवस त्याला शांत राहू द्या, भेटायची घाई नको. मीही ते काटेकोर पाळलंय. आज म्हणाल्या, "आता येऊन जा. तो विचारतो." मी म्हटलं, मुलीचं शिबिर आहे, तयारी चाललीय, ते झालं की येते. त्या म्हणाल्या, "भेट पंधरा मिनिटांचीही चालते."

पंधरा मिनिटांसाठी जायचं तरी काय? गेले तर नीट वेळ काढून जाईन.

संध्याकाळी भिंगरीच्या कपड्यांवर नावं शिवली. ती समोर बसून मोजे जुळवत होती. या पोरीच्या पायाला खरोखरच भिंगरी, जेवतानासुद्धा एका जागी बसत नाही, म्हणून तर हे नाव पडलं. हल्ली मात्र बसते. मोठी होतेय.

"आई, तिथून कुणालाही पत्र लिहिता येतं?"

"हो. मला लिही. आत्याला लिही."

"कुणालाही?"

"सांगितलं ना, हो."

सोमवार, १२ मे

गेली. बस साडेसातला सुटणार होती, सव्वाआठला सुटली. चर्चच्या आवारात वळकट्या, बॅगा, नाक पुसणाऱ्या आया. एका पोराचा बाप त्याच्यापेक्षा जास्त रडत होता. पाळकांनी प्रार्थना केली तेव्हा मी डोळे मिटायचं सोडून बसचे टायर बघत होते. मागचा उजवा गुळगुळीत वाटला. ड्रायव्हरला सांगितलं. तो म्हणाला, "बाई, परवाच बदललाय." परवा बदललेला टायर असा दिसतो?

घरात प्रार्थना तोच म्हणायचा. माझं आपलं आमेनपुरतं. भिंगरीला जवळ घेतलं तेव्हा काहीतरी चांगलं म्हणावं असं फार वाटलं, पण तोंडातून भलतंच निघालं. कानात म्हटलं, "करमलं नाही ना, तर तिथल्या ताईंना सांग. मी लगेच येईन न्यायला."

तिनं माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं आणि म्हणाली, "पण तू एकटी राहशील ना नीट?"

काय पण पोरगी! उलट मलाच विचारतेय.

"आणि बाबांबद्दल—" मी म्हटलं.

"माहितीये. कामावर."

बस वळली तेव्हा सगळी मुलं खिडकीतून हात हलवत होती. माझी पुढे बघत बसली होती.

बुधवार, १४ मे

घरात आवाज नाही. रेडिओ लावते, बंद करते. काल संध्याकाळी तीनदा कुलूप लावून खाली उतरले आणि परत वर आले. जायचं कुठेच नव्हतं. आज स्वयंपाकघरातली सगळी फडताळं रिकामी करून धुतली. त्याच्या बुटांची जोडी दाराजवळून उचलून कपाटात ठेवली, मग कपाटातून काढून खोक्यात, खोकं माळ्यावर. मग वाटलं, उद्या आला आणि बूट दिसले नाहीत तर? पुन्हा स्टूल घेतलं.

कवळीवाले आजोबा येऊन गेले. आरशात बघून म्हणाले, "बायकोला ओळख पटेल की नाही शंकाच आहे." आणि मोठ्यांदा हसले. डावीकडची फट नाही राहिली. मला बरं वाटायला हवं होतं.

तळं नक्की किती खोल आहे ते बाईंनी सांगितलंच नाही. "छातीपर्यंत" म्हणाल्या. पण छाती कुणाची?

गुरुवार, १५ मे

लॅबमध्ये फोन आला. प्लास्टरचे हात तसेच घेऊन धावले.

शिबिराच्या ताई होत्या. आधी म्हणाल्या की मुलगी मजेत आहे, पोहते, गाणी म्हणते. मग आवाज खाली आला. "काल पत्रांच्या वेळेला तिनं दोन पत्रं लिहिली. एक तुम्हाला, ते टाकलं. दुसऱ्यावर... दुसऱ्यावर एका रुग्णालयाचा पत्ता आहे. वॉर्ड नंबरसुद्धा लिहिलाय. तिच्या फॉर्मवर असं काही दिसलं नाही, म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं. पाठवू ना?"

पत्ता कुठून मिळाला तिला? मग आठवलं, ते कार्ड फ्रिजवर चुंबकाखाली होतं. मी त्यावर किराणा मालाची यादी लावली होती. पुरती झाकली जाईल अशीच लावली होती.

"नको," मी म्हटलं. "ठेवून द्या. मी बघते."

"तिला काय सांगू?"

"सांगा, आईला विचारतोय म्हणून."

"बरं," ताई म्हणाल्या. एवढंच. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

मी बरोबरच केलं. त्या पत्रात तिनं काय लिहिलंय कुणाला ठाऊक. त्याला त्रास झाला तर? आणि वॉर्ड नंबरसकट पत्ता शिबिरभर झाला असेल आता. ताईंना कळलं म्हणजे पाळकबाईंना कळलं, आणि बाईंना कळलं म्हणजे रविवारच्या उपासनेला सगळी मंडळी माझ्याकडे वळून बघणार. हा विचार पहिल्यांदा यायला नको होता, पण तोच आला.

शनिवार, १७ मे

सकाळी मला लिहिलेलं पत्र मिळालं.

"प्रिय आई, मी ठीक आहे. इथे आमच्या खोलीत आठ मुली आहेत. एक झोपेत गाते. आम्ही तळ्यात जातो, माझे पाय तळाला लागतात, तू काळजी करू नकोस. तू जेवतेस ना? बाबाला भेटलीस का? ताई चांगल्या आहेत. तुझी मुलगी."

तुझी मुलगी! जणू मला अशा चार आहेत आणि मी गोंधळेन.

दुपारी शिबिराच्या नर्सबाईंचा फोन. भिंगरीचं पोट दुखतंय, कालपासून. ताप नाही, उलटी नाही, पण जेवत नाही. पोहायला जात नाही. ऑफिसच्या बाहेर पत्रांची पेटी आहे, तिच्या शेजारी बाकावर बसून असते. नर्सबाईंनी विचारलं, "आधी असं कधी झालंय? फॉर्मवर काही नाही म्हणून विचारते. अपेंडिक्स वाटत नाही, तरी गरज पडली तर तालुक्याला नेऊन दाखवेन."

मी म्हटलं, पाणी बदललं असेल. मी उद्या सकाळी येते आणि तिला घेऊनच जाते.

"न्यायलाच हवं असं नाही," नर्सबाई म्हणाल्या. "पण या."

रविवार, १८ मे

उपासना चुकवली. पहिली बस पकडली, मग दुसरी, मग तीन किलोमीटर चालत. फाटकाशी पोचले तेव्हा घामानं भिजले होते आणि मनात सगळं ठरलं होतं. बॅग भरायची, ताईंचे आभार मानायचे, पोरीला घरी न्यायचं. माझंच चुकलं, असल्या दिवसांत तिला दूर पाठवायलाच नको होतं.

लांबलचक बैठी इमारत, व्हरांड्यात ओले टॉवेल, कुठूनतरी गाण्याचा आवाज. भिंगरी त्या बाकावर होती. उन्हानं रापलेली, गुडघा खरचटलेला. मला बघून उठली, पण धावत आली नाही.

"बाबाला काही झालं?"

"नाही गं! तुझं पोट दुखतंय ना. तुला न्यायला आलेय. म्हटलं होतं ना येईन म्हणून."

ती परत बसली. मी शेजारी बसले.

"माझं पत्र पाठवलं नाहीस ना तू?"

"बाळा, बाबाला सध्या विश्रांती हवीय. डॉक्टरांनी सांगितलंय. आणि हे असं सगळ्यांना—"

"मी कुणालाच सांगितलं नाही!" तिचा आवाज चढला. "शेकोटीला सगळ्या मुली बोलतात. एकीची आजी वारली ते तिनं सांगितलं. सगळ्यांनी तिच्यासाठी प्रार्थना केली. मला बाबासाठी करायची होती. मी उठलेच नाही. आणि मनातल्या मनात करायला गेले ना, तर 'बाबा कामावर आहे' एवढंच येतं." मग हळू आवाजात म्हणाली, "देवाला पण तेच सांगायचं का, आई?"

मी तिच्या खरचटलेल्या गुडघ्यावरची माती झटकली.

मग म्हटलं, "चल, बॅग भरू. घरी जाऊन बोलू."

"मी नाही येत."

"अगं, पोट—"

"पोट राहील. मी इथे थांबते. परवा नाटुकलं आहे, त्यात मी आहे." ती उठून ऑफिसात गेली आणि ताईंना घेऊनच बाहेर आली. ताईंच्या हातात पाकीट होतं. भिंगरीनं ते घेतलं आणि माझ्या हातात दिलं. "तू तिकडे जा. तूच दे त्याला. त्याला भेटायला कुणी गेलंय का, आई? तू एकदा तरी गेलीस?"

ताई टॉवेल गोळा करायच्या निमित्तानं लांब गेल्या.

"जायचंय मला," म्हटलं. "जाणार होते."

"भीती वाटते का?"

दहा वर्षांची मुलगी. मी मान हलवली. आधी नाही अशी हलवायला घेतली, मग हो झाली.

"मला पण वाटते," ती म्हणाली. "तो जिन्यात होता ना, तेव्हा मी आत येऊन तुला फोन केला आणि मग परत त्याच्याजवळ बसायचं होतं. पण मी दार लावून घेतलं."

हे ती मला पहिल्यांदाच सांगत होती. जवळजवळ सहा आठवडे पोटात घेऊन फिरत होती. मी तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना धुराचा वास येत होता.

जेवणाची घंटा झाली. नर्सबाईंच्या शेजारी बसून तिनं दोन पाव आणि एक अंडं खाल्लं. मी मोजलं. नर्सबाई माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या.

सोमवार, १९ मे

लॅबच्या काकांना सांगितलं, अर्धा दिवस हवाय. कशाला ते विचारलं नाही. मीच म्हटलं, "नवरा रुग्णालयात आहे. डोक्याच्या." काका हातातलं काम खाली ठेवून म्हणाले, "मग अर्धा कशाला, पूर्ण घे."

मला वाटलं होतं तिथे किंचाळणारी माणसं असतील, गज असतील. लांब पॅसेज होता, फिनेलचा वास, एक बाई खिडकीत बसून लोकर विणत होती. दाराशी भेटणाऱ्यांची वही. नाव, नातं, वेळ. पेन हातात घेतलं आणि वरच्या ओळी दिसल्या. पाळकांचं नाव, नातं: मित्र. त्याच्या वर पुन्हा पाळकांचं नाव. मागचं पान उलटलं. पाळकबाईंचं नाव. नातं: चर्चच्या मंडळीतली. तारीख दोन मेची होती.

म्हणजे तीन तारखेला त्यांनी माझा हात धरून विचारलं तेव्हा त्या आदल्याच दिवशी त्याला भेटून आल्या होत्या. आणि मी त्यांना मोजणीचं काम सांगत होते.

नर्सनं विचारलं, "नातं लिहिलं नाहीत?" मी लिहिलं, पत्नी.

तो खिडकीजवळच्या पलंगावर होता. बारीक झालाय. दाढी वाढलेली. मला बघून उठायला गेला आणि मग कुठल्या पायानं उठायचं ते विसरल्यासारखा थांबला. मी समोरच्या खुर्चीवर बसले.

"पाळकांना तू कळवलंस?" मी विचारलं. चाळीसेक दिवसांनी नवऱ्याला भेटून हे पहिलं वाक्य!

"हो. इथून फोन करू देतात." तो थांबत थांबत बोलतो. "त्यांना म्हटलं, तुला काही बोलू नका. तू सांगशील तेव्हा सांगशील."

चाळीसेक नाही, बेचाळीस. आत्ता मोजले.

मी पाकीट दिलं. त्यानं फोडलं नाही, मांडीवर ठेवून त्यावर हात ठेवला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "तू वाच." मी वाचलं.

"प्रिय बाबा, मी शिबिरात आहे. त्या दिवशी मी दार लावलं त्याबद्दल सॉरी. मला वाटलं तू रागावलायस म्हणून बोलत नाहीस. तू रागावला आहेस का? नसशील तर लिही. असशील तरी लिही. इथे जेवण बरं आहे. तिथे कसं आहे?"

तो रडला. मला वाटलं होतं असं काही झालं तर मी नर्सला हाक मारेन. मारली नाही. खुर्ची पुढे ओढून त्याचा हात धरला. हात गार होता आणि नखं वाढलेली. घंटा होईपर्यंत आम्ही दोघांनी मिळून जेमतेम दहा वाक्यं बोलली असतील. निघताना मी म्हटलं, "उद्या नेलकटर आणते." त्यानं मान हलवली.

मंगळवार, २० मे

नखं कापली. उजव्या हाताची त्यानं स्वतः कापली.

पाळकबाईंकडे गेले. दारातच रडू फुटलं. त्या म्हणाल्या, "आत ये आधी, शेजारचे म्हणतील मी मारलं तुला." त्यांना फॉर्मबद्दल सांगितलं. बाईंनी ड्रॉवर उघडला, कोरं दुसरं पान काढून दिलं आणि चहा टाकायला उठून गेल्या. मी अख्खं पान भरलं. जागा पुरली नाही, मागच्या बाजूलाही लिहिलं.

बुधवार, २१ मे

बस दुपारी आली. पोरं काळी, मळकी, घसे बसलेले. भिंगरी वळकटी ओढत उतरली. पहिला प्रश्न, "दिलंस?"

"दिलं. तो रागावलेला नाहीये. त्यानंच सांगितलंय तसं सांगायला."

"मग आधी तिकडे जायचं."

"आंघोळ तरी कर गं."

"तिकडे जायचं, आई."

आवारातच सापांची चौकशी करणारा तो बाप भेटला. "काय म्हणता, साहेब अजून मोजणीवरच?" भिंगरी एकदम माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "नाही हो. रुग्णालयात आहेत, मानसोपचाराच्या. दीड महिना झाला." तो गडबडला, टोपी काढली, घातली. म्हणाला, "माझा धाकटा भाऊ होता तिथे. दोनदा. बागेतली बाकं सकाळी ओली असतात, कोरडी बघून बसा." भिंगरीनं माझा हात पकडला तो बसमध्ये बसेपर्यंत सोडला नाही.

दारावरचा माणूस बारा वर्षांखालच्यांना वॉर्डात सोडेना. नर्सनं सांगितलं, बागेत बसा, त्याला खाली पाठवते. आम्ही वळकटी आणि बॅगेसकट बाकावर बसलो. तो जिन्यानं खाली आला, एकेक पायरी, कठड्याला धरून. दाढी केली होती. हनुवटीवर कापलं होतं.

भिंगरी उठली आणि दोन पावलांवर थांबली. तोही थांबला.

"बाबा, मी रापलेय बघ," ती म्हणाली.

"रापलीयस," तो म्हणाला.

मग ती त्याच्या शेजारी बसली आणि जी सुरू झाली! पहिल्या दिवसापासून. बसमध्ये कोण ओकलं, आठ मुलींच्या खोलीत कोण झोपेत गायचं, तळ्यात कुणाची चप्पल वाहून गेली, नाटुकल्यात तिचं दाढीचं सोंग गळून कसं खाली पडलं. मध्येच उठून करून दाखवत होती, पुन्हा बसत होती, पुन्हा उठत होती. त्याचे डोळे तिच्यामागे फिरत होते, जरा उशिरानं, पण फिरत होते. मला वाटलं, थकेल तो, पुरे म्हणावं. भिंगरीलाही तसं वाटलं असावं. दाढी पडली तिथेच ती थांबली आणि हात मांडीत घेऊन गप्प बसली.

मग तो तिच्याकडे वळला आणि म्हणाला, "दाढी पडली. पुढे?"